होल्टरमध्ये १६ टक्के व्हीपीसी: अ‍ॅब्लेशन करावं का?

प्रश्न थोडक्यात असा: वय ४७, राहायला नेरुळला, नोकरी वाशीला बँकेत. दोन वर्षांपासून ठोका चुकल्यासारखं वाटतं, मध्येच छातीत गचका बसतो. २४ तासांच्या होल्टरमध्ये (अंगावर लावून दिवसभराचे ठोके नोंदवणारं यंत्र) १६ हजारांवर व्हीपीसी (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून वेळेआधी पडणारे जादा ठोके), म्हणजे १६ टक्के. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल, पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातून बाहेर पडणारं रक्त, ५५ टक्के. मेटोप्रोलॉल या गोळीनं ठोके थोडे कमी झाले, पण दिवसभर गळून गेल्यासारखं होतं. एक डॉक्टर म्हणाले दुर्लक्ष करा, दुसरे म्हणाले अ‍ॅब्लेशन (नळीनं आत जाऊन ठोके निघतात ती जागा तापवून बंद करणं) करून घ्या. ‘हृदय आतून जाळायचं’ या कल्पनेनंच घरचे घाबरलेत. झोपेत हृदय बंद पडेल का, अ‍ॅब्लेशन करावं का, आणि सकाळी पारसिक हिलवर चालायला जावं का?

ताई, दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं अर्धं अर्धं बरोबर आहे. १६ टक्के हा सोडून देण्यासारखा आकडा नाही. पण तेवढ्यावरून लगेच अ‍ॅब्लेशनची तारीख घ्यावी असंही नाही. तुमच्या हृदयाचा डावा कप्पा आज कसा आहे, हे जादा ठोके नेमक्या कुठल्या जागेवरून निघतात आणि तुम्हाला त्यांचा त्रास किती, या तिन्हींची उत्तरं समोर आली की निर्णय फारसा अवघड राहत नाही. तुमच्या पत्रात त्रासाचं उत्तर स्पष्ट आहे, कप्प्याचं अर्धवट आहे आणि जागेचा उल्लेखच नाही.

आधी भीतीबद्दल बोलू, कारण रात्रीची झोप तिनंच उडवली असणार. ज्यांचं हृदय रचनेनं चांगलं आहे, ज्यांना कधी हार्ट अटॅक आलेला नाही, शुद्ध हरपलेली नाही, त्यांच्यात व्हीपीसी झाल्या म्हणून झोपेत हृदय सहसा बंद पडत नाही. काही गोष्टी मात्र असतील तर मी वेगळा विचार करतो: चालता-बोलता अचानक चक्कर येऊन पडणं, घरात कुणाचा तरुण वयात अचानक मृत्यू, व्यायाम वाढेल तसे ठोके वाढत जाणं, किंवा होल्टरमध्ये एकापाठोपाठ अनेक व्हीपीसींच्या लांब रांगा. यातलं काही असेल तर ते डॉक्टरांनी विचारण्याची वाट न बघता स्वतःहून सांगा. आणि खरंच शुद्ध हरपली तर ओपीडीची वेळ घेत बसू नका, थेट कॅज्युअल्टीत जा.

आता तुम्हाला जाणवतं ते काय आहे. हृदयाच्या खालच्या कप्प्यातल्या एखाद्या जागेवरून वेळेआधीच विजेचा इशारा सुटतो. कप्पा अजून रक्तानं पुरता भरलेला नसतो, तोच तो आवळला जातो. हापशीचा दांडा पूर्ण वर यायच्या आत दाबला की पाणी जेमतेम येतं, तसं. हा ठोका इतका दुबळा असतो की मनगटापर्यंत पोचतही नाही. त्यानंतर थोडी विश्रांती पडते, तेवढ्यात कप्पा नेहमीपेक्षा जास्त भरतो आणि पुढचा ठोका जोरात बसतो. तुम्ही ज्याला गचका म्हणता तो बहुतेक वेळा हा पुढचा, चांगला ठोका असतो. रात्री डाव्या कुशीवर झोपल्यावर तो जास्त जाणवतो, कारण हृदय छातीच्या भिंतीला लागून असतं आणि बाहेरचा गोंगाट थांबलेला असतो. कितीतरी लोक गॅस समजून वर्षानुवर्षं त्याच गोळ्या घेत राहतात.

यातूनच आणखी एक घोळ होतो. एकाआड एक ठोका व्हीपीसीचा असेल तर ऑक्सिमीटर, हातातलं घड्याळ आणि बीपीचं मशीन फक्त जोरदार ठोके मोजतात. खरे ठोके ७६ असताना आकडा ३८ दिसतो. घरात धावपळ होते, कुणीतरी म्हणतं आता पेसमेकर बसवावा लागणार. ही माणसं घाबरलेल्या चेहऱ्यानं समोर येतात तेव्हा वाईट वाटतं, कारण एका साध्या ईसीजीनं हा उलगडा झाला असता. तुमच्या घड्याळात असा आकडा दिसला तर छातीला स्टेथोस्कोप लावून किंवा ईसीजी काढून ठोके मोजून घ्या, त्याआधी निष्कर्ष नको.

आता टक्क्यांकडे येऊ. माणसाच्या हृदयाचे दिवसाला साधारण एक लाख ठोके पडतात, म्हणून तुमचे १६ हजार म्हणजे १६ टक्के. हे ठोके फार असतील आणि वर्षानुवर्षं चालू राहिले तर काही जणांत डावा कप्पा हळूहळू सैल होतो, पसरतो आणि पंपिंग घसरतं. २०१० साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या गटानं अ‍ॅब्लेशनसाठी आलेल्या १७४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २४ टक्क्यांच्या वर प्रमाण असलेल्यांत हा धोका ठळकपणे दिसला, आणि पंपिंग घसरून नंतर सुधारलेल्यांत सगळ्यात कमी प्रमाण १० टक्के होतं. म्हणजे १० च्या खाली कप्प्याला इजा होणं विरळा, २४ च्या वर चिंता खरी, आणि मधल्या पट्ट्यात माणसागणिक फरक. तुम्ही त्या मधल्या पट्ट्यात आहात. त्या पट्ट्यात ‘काही होणार नाही’ असं छातीठोकपणे कुणी सांगू नये आणि ‘हार्ट फेल होईल’ असं घाबरवूही नये.

शिवाय हा आकडा एका दिवसाचा आहे. त्याच माणसाचा होल्टर आज १६ आणि महिन्यानं ७ किंवा २२ दाखवू शकतो. झोप, ताण, ताप, पाळीचे दिवस, सगळ्यांनी तो हलतो. जमलं तर आता सात दिवसांचा किंवा चौदा दिवसांचा, छातीवर चिकटवून ठोके नोंदवणारा पॅच लावून घ्या, त्यावरची सरासरी जास्त भरवशाची. गोळी चालू असताना काढलेला होल्टर कुठला आणि बंद असतानाचा कुठला, हे त्या कागदावर पेनानं लिहून ठेवा. फाइलमध्ये हे कधीच लिहिलेलं नसतं आणि मग तुलना करणाऱ्याची पंचाईत होते.

इकोबद्दल माझा आग्रह थोडा जास्त आहे. पंपिंग ५५ हे नॉर्मलच्या आत आहे, पण नॉर्मलच्या काठाजवळ आहे. चार-पाच वर्षांपूर्वी बँकेच्या हेल्थ चेकअपमध्ये इको झाला असेल तर तो शोधून काढा. तेव्हा ६५ असेल आणि आज ५५, तर मी कान टवकारीन. तेव्हाही ५५-५८ असेल तर निवांत राहीन. दोन इकोंत पाच-सात टक्क्यांचा फरक केवळ मोजणाऱ्या हातामुळेही पडतो, त्यामुळे पुढचे इको शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच डॉक्टरांकडून करून घ्या. आणि त्यांना सांगा की मोजमाप व्हीपीसीच्या ठोक्यावर किंवा तिच्या लगेच पुढच्या ठोक्यावर घेऊ नका, सलग दोन-तीन सरळ ठोके मिळेपर्यंत थांबा. कप्प्याचा आकारही मिलिमीटरमध्ये लिहून मागा, कारण पुष्कळदा आकार आधी वाढतो आणि पंपिंग मागाहून उतरतं.

आता जागेबद्दल, आणि तुमच्या फाइलमधला हाच सगळ्यात मोठा खड्डा आहे. व्हीपीसी कुठून निघते हे होल्टर नीट सांगत नाही, कारण त्याच्या तारा थोड्या असतात. ते सांगतो बारा लीडचा (हृदयाची वीज बारा बाजूंनी टिपणारा) ईसीजी, आणि तोही व्हीपीसी पडत असताना पकडलेला. आपल्याकडे उलटं होतं. ईसीजी काढताना मध्येच वेडावाकडा ठोका आला की टेक्निशियन म्हणतो, ‘हलू नका, परत काढू’, आणि स्वच्छ कागद फाइलला लावून तो बहुमोल कागद टोपलीत जातो. लहान दवाखान्यांतली तीन चॅनेलची मशीनं एका वेळी तीनच लीड छापतात, त्यामुळे व्हीपीसी कुठल्या तरी तीन लीडमध्ये दिसते आणि बाकी नवांत दिसत नाही. तुम्ही बाराही लीड एकाच वेळी घेणाऱ्या मशीनवर ईसीजी काढायला सांगा, एक मिनिटभर पट्टी चालू ठेवायला सांगा, आणि जादा ठोके असलेला कागदच मला हवाय असं स्पष्ट बोला. मोबाइलवर त्याचा नीट उजेडात फोटो काढून ठेवा, कारण तो थर्मल कागद काही वर्षांत पुसट होतो.

त्या कागदावरून अनुभवी डोळ्याला बरंच कळतं. सगळ्यात जास्त सापडणारी जागा म्हणजे उजव्या खालच्या कप्प्यातून फुप्फुसाकडे रक्त जातं तो वरचा मार्ग, फुप्फुसाच्या झडपेच्या लगेच खाली. तुमच्यासारख्या, बाकी हृदय चांगलं असलेल्या चाळिशीतल्या बाईत मी आधी तिथलाच संशय घेईन. ही जागा अ‍ॅब्लेशनला सोपी. त्याखालोखाल डाव्या बाजूचा तसाच मार्ग आणि महाधमनीच्या झडपेच्या पाकळ्यांजवळची जागा, तिथे काम थोडं नाजूक, कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तोंडं जवळ असतात. डाव्या कप्प्याच्या माथ्यावर, बाहेरच्या बाजूला असलेली जागा आणि झडपेच्या दोऱ्या धरणारे आतले स्नायू, या दोन्ही ठिकाणी यश कमी आणि वेळ जास्त. तुमच्या घरच्यांच्या भीतीचं उत्तरही इथेच आहे. ‘अ‍ॅब्लेशन किती धोक्याचं?’ या प्रश्नाला जागा कळल्याशिवाय प्रामाणिक उत्तर देता येत नाही.

यासोबत काही तपासण्या लागतील. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), पोटॅशियम, मॅग्नेशियम. तुमच्या वयात पाळीचा रक्तस्राव पुष्कळदा वाढलेला असतो आणि ९ हिमोग्लोबिनवर धावणारं हृदय जास्त कुरकुरतं, म्हणून हिमोग्लोबिनकडे विशेष लक्ष द्या. थायरॉइडची गोळी चालू असेल तर डोस जास्त होत नाही ना, हे बघा. बीपीसाठी लघवीची गोळी असेल तर तिनं पोटॅशियम उतरतं. सर्दीच्या काही गोळ्या-औषधांत नाक मोकळं करणारा घटक असतो, तोही ठोके वाढवतो. घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेतल्या श्वासाची तपासणी करा. चहाबद्दल सगळे विचारतात: तुमचं तुम्हालाच जाणवत असेल की तिसऱ्या कपानंतर धडधड वाढते, तर कमी करा, नाहीतर दोन कप सुखानं घ्या. मशेरी किंवा तंबाखू असेल तर मात्र ती सोडाच.

हृदयाचा एमआरआय सरसकट सगळ्यांना लागत नाही. ठोके एकाच आकाराचे, ठरावीक जागेचे आणि इको चांगला असेल तर तो टाळता येतो. आकार वेगवेगळे असतील, ईसीजीत सरळ ठोक्यांतही काही वेगळं दिसत असेल किंवा पंपिंग उतरत असेल तर मी तो आग्रहानं करून घेतो, तोही कॉन्ट्रास्ट देऊन. स्नायूत व्रण किंवा सूज आहे का हे त्यात दिसतं. सारकॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या गाठी होणारा आजार) आणि आपल्या देशात क्षयामुळेही हृदयाच्या स्नायूत गाठी होऊ शकतात. अशा वेळी आधी त्या मूळ रोगावर उपचार हवेत, नुसतं अ‍ॅब्लेशन करून भागत नाही.

गोळ्यांचं सांगतो. मेटोप्रोलॉलनं गळून जाणं ही तुमची कल्पना नाही, अनेकांना होतं. पण ती एकदम बंद करू नका, डॉक्टरांना सांगून उतरवत आणा, नाहीतर धडधड उसळते. तिच्याऐवजी व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम वापरून बघता येतं, विशेषतः उजव्या वरच्या मार्गातून ठोके येत असतील आणि पंपिंग चांगलं असेल तर. फ्लेकेनाइड प्रभावी आहे, पण हृदय निरोगी असल्याची खात्री झाल्यावरच. १९८९ साली अमेरिकेत ‘कास्ट’ या अभ्यासाचे निकाल आले. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांच्या व्हीपीसी या जातीच्या औषधांनी दाबल्या, तर ठोके कमी झाले पण मृत्यू वाढले. तेव्हापासून आम्ही कागदावरचे ठोके पुसणं आणि माणसाला वाचवणं या दोन गोष्टी वेगळ्या मोजतो. एमिओडारोन मात्र तुमच्या वयाला, एवढ्या कारणासाठी, वर्षानुवर्षं चालवायला मी तयार होणार नाही. थायरॉइड आणि फुप्फुसं दोन्ही धोक्यात येतात.

आता त्या ‘जाळण्या’बद्दल. छाती उघडत नाहीत. जांघेतल्या शिरेतून बारीक नळ्या हृदयापर्यंत नेतात आणि संगणकावर कप्प्याचा त्रिमितीय नकाशा तयार करतात. व्हीपीसी पडली की विजेचा इशारा सगळ्यात आधी कुठल्या बिंदूवर उमटतो ते शोधतात. तो बिंदू सापडला की नळीच्या टोकातून रेडिओलहरींची ऊर्जा देऊन तिथला काही मिलिमीटरचा तुकडा ५० अंश सेल्सियसच्या वर तापवतात. त्या पेशी कायमच्या गप्प होतात. हृदयाच्या ताकदीत तेवढ्यानं फरक पडत नाही. सोप्या जागेला साधारण दोन ते चार तास. शिरेतूनच काम झालं असेल तर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं आणि बहुतेक जण दुसऱ्या दिवशी घरी जातात. आठवडाभर जड उचलायचं नाही.

एक गोष्ट रुग्णांना आधी सांगितलेली नसते आणि मग ते टेबलावर घाबरतात. या प्रक्रियेत शक्यतो गाढ झोपवत नाहीत. गुंगीच्या औषधानं व्हीपीसीच नाहीशा होतात, आणि ठोका पडत नसेल तर जागा शोधायची कशी? म्हणून जांघ बधिर करून तुम्हाला जागं किंवा हलक्या गुंगीत ठेवतील. मेटोप्रोलॉल काही दिवस आधी थांबवायला सांगतील. गरज पडली तर आयसोप्रेनालिन नावाचं औषध देऊन मुद्दाम धडधड वाढवतील. ते पाच-दहा मिनिटं नकोसं वाटतं, पण ते ठरवून केलेलं असतं. इतकं करूनही त्या दिवशी ठोके आलेच नाहीत तर समजूतदार डॉक्टर अंदाजानं डाग देत बसत नाहीत, पुन्हा बोलावतात.

धोके लपवणार नाही. सगळ्यात जास्त होतं ते जांघेत रक्त साकळणं, बहुतेकदा आपोआप बरं होतं. हृदयाच्या पातळ भिंतीला छिद्र पडून भोवती रक्त साठणं साधारण शंभरात एकाला होतं, आणि ते तिथल्या तिथे सुईनं काढावं लागतं. डाव्या बाजूच्या कामात पक्षाघाताचा थोडा धोका असतो, म्हणून रक्त पातळ ठेवतात. हृदयाच्या मुख्य विद्युतवाहिनीजवळची जागा असेल तर पेसमेकरची वेळ येऊ शकते. उजव्या वरच्या मार्गातल्या ठोक्यांत अनुभवी हातांत दहातल्या आठ-नऊ जणांना फायदा होतो. २०१४ साली चीनमधून आलेल्या ३३० रुग्णांच्या चाचणीत, याच जागेच्या ठोक्यांसाठी, वर्षभरात ठोके परतण्याचं प्रमाण अ‍ॅब्लेशननंतर १९ टक्के होतं आणि मेटोप्रोलॉल किंवा प्रोपाफेनोन या गोळ्यांवर ८८ टक्के. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीनंही २०२२ पासून, त्रास होत असेल आणि ठोके या जागेचे असतील तर गोळ्यांच्या आधीच अ‍ॅब्लेशनचा पर्याय पुढे ठेवला आहे.

कुठे करावं? ठाणे-नवी मुंबईत कॅथ लॅब (नळी घालून हृदयावर उपचार करण्याची खोली) भरपूर आहेत, पण अँजिओप्लास्टीची कॅथ लॅब म्हणजे अ‍ॅब्लेशनची सोय नव्हे. त्रिमितीय मॅपिंगचं यंत्र आहे का आणि हृदयाच्या विद्युतप्रणालीचं वेगळं प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर स्वतः करणार का, हे विचारा. ‘माझ्या ईसीजीवरून जागा कुठली वाटते, अशा जागेचं काम तुम्ही नेहमी करता का, आणि यश नाही आलं तर पुढे काय?’ हे प्रश्न विचारल्यावर जे डॉक्टर शांतपणे बसून उत्तर देतात, त्यांच्याकडे करा. मेडिक्लेमचं पूर्वमंजुरीपत्र आधी घ्या आणि नकाशासाठी लागणाऱ्या नळ्यांचा खर्च त्यात धरलाय का ते लेखी मागा, बिल तिथेच फुगतं. मेडिक्लेम पुरत नसेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

तुमच्या जागी माझी बहीण असती तर मी काय सांगितलं असतं? ईसीजीवर उजव्या वरच्या मार्गाचा आकार दिसला, पॅचवर प्रमाण १० ते १५ च्या वर टिकून राहिलं आणि गोळीनं अशीच मरगळ येत राहिली, तर अ‍ॅब्लेशन कर, पंपिंग उतरण्याची वाट बघू नकोस. जागा अवघड निघाली आणि कप्पा ठणठणीत असेल तर थांब, गोळी बदल, दर सहा महिन्यांनी इको आणि वर्षाला होल्टर कर. आणि कुठल्याही टप्प्यावर पंपिंग ५० च्या खाली गेलं तर जागा अवघड असली तरी अ‍ॅब्लेशनकडे वळ, कारण ठोके थांबले की असा थकलेला कप्पा बहुतेकदा काही महिन्यांत सावरतो.

ज्यांना त्रासच जाणवत नाही अशांची मला जास्त काळजी वाटते. तुम्हाला गचका बसला म्हणून तुम्ही तपासून घेतलंत. काहीच न जाणवणारा माणूस कप्पा पसरून धाप लागल्यावरच येतो. घरात, ऑफिसात कुणाच्या बीपीच्या मशीनवर अनियमित ठोक्याचं चिन्ह वारंवार येत असेल तर त्यांना एक ईसीजी काढायला सांगा.

राहिलं पारसिक हिल. स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी) करून घ्या. वेग वाढल्यावर तुमचे ठोके कमी किंवा नाहीसे होत असतील, छातीत दुखत नसेल, चक्कर येत नसेल, तर चढावर चालायला काहीच हरकत नाही. थांबल्यावर पहिल्या काही मिनिटांत गचके वाढतात, ते अपेक्षित आहे. एकदम बसू नका, सपाटीवर हळूहळू चालत राहा. उलट वेगाबरोबर ठोके वाढत असतील तर ट्रेडमिलचा तो कागद दाखवून सल्ला मिळेपर्यंत चढ बंद, नेरुळमध्येच सपाट रस्त्यावर, कुणाला तरी सोबत घेऊन चाला.